वऱ्हाडातील गुरे, बिळे आणि ‘पडीत’ जमीन

वऱ्हाडच्या ग्रामीण इतिहासाची प्रमुख साधने म्हणजे महसुलाची दप्तरे होत. पिकाखालील जमिनीची नोंद त्यांत बारकाईने आढळते. उरलेली बहुतेक जमीन मात्र ‘पडीत’ या एका शब्दात गुंडाळली जाते. लोकभाषेची साक्ष याहून निराळी आहे. गुरे जेथे सकाळी एकत्र जमतात तो आखर, त्यांना चारावयास नेणारा गायकी, गवतासाठी राखलेला रमणा, गावाच्या मालकीचे गायरान, गवतांत मारवेल, पवन्या, कुंदा आणि कुसळ असे भेद; ज्या भूमीसाठी भाषेने इतके शब्द घडविले ती तिच्या बोलणाऱ्यांच्या लेखी रिकामी असणे शक्य नाही. या भूमीचे स्वरूप दोन प्रकारच्या तृणभक्षकांनी घडविले: जमिनीवर चरणाऱ्या गुरांनी आणि जमिनीखाली राहणाऱ्या लहान प्राण्यांनी. दप्तराने या दोहोंचीही फारशी दखल घेतली नाही.

प्रथम भूमीचा विचार करू. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाट आणि दक्षिणेस बालाघाट अशी वऱ्हाडची ठेवण आहे. अमरावती व अकोला ही नगरे ज्या पयानघाटात वसली आहेत तेथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात खोलवर भेगाळते. बालाघाटावरील माळांत मातीचा थर पातळ असून खाली मुरूम लागतो. दबडघाव व शंकरनारायण यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय तृणाच्छादनाच्या सर्वेक्षणात द्वीपकल्पाचा हा भाग पवन्या-मारवेल वर्गाच्या गवताळ प्रदेशात मोडतो. चराई बेताची असली म्हणजे ही बहुवर्षायू गवते टिकतात. ती अतोनात वाढली म्हणजे प्रथम कुसळ बळावते आणि पुढे हलक्या प्रतीची गवते तेवढी उरतात. कोणत्या माळावर कोणते गवत आहे यावरून तेथील चराईचा पूर्वेतिहास पुष्कळ अंशी वाचता येतो.

जमिनीखालील इतिहास याहून दुर्लक्षित आहे. बीळ करणारे प्राणी खालची माती वर आणतात, बी साठवितात आणि पाणी खोल मुरण्यास वाट करून देतात. काळ्या मातीच्या प्रदेशात त्यांचे जीवन कसे चालते याचे उत्तम वर्णन वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने दक्षिण महाराष्ट्रातील, म्हणजे धारवाडकडील, सस्तन प्राण्यांच्या 1839 सालच्या सूचीत केले आहे. ‘मेत्ताड’ या नावाचा शेतातील उंदीर स्वतः फारसे बीळ करीत नाही. उन्हाळ्यातील भेगांत तो राहतो आणि पहिल्या पावसाने भेगा मिटल्या की मोठ्या संख्येने मरतो. 1826 साली आरंभीचा पाऊस अपुरा पडला आणि या उंदरांची संख्या अनावर झाली. पेरलेले बी त्यांनी खाल्ले, ज्वारीची कणसे कुरतडली. शेतकऱ्यांना सारा भरणे अशक्य झाले. वडारांनी धान्याच्या मोबदल्यात हजारो उंदीर मारले, तरी त्यांची संख्या घटल्याचे जाणवले नाही. यावरून असे दिसते की, उंदरांवरील खरा अंकुश मनुष्याचा नसून मातीचा व पावसाचा होता.

वऱ्हाडात ही घडी विस्कटली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1853 साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाचे भाव चढले, 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरास पोहोचला आणि चराऊ जमिनी नांगराखाली येऊ लागल्या. बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांचा व्यापार रेल्वेने हिरावून घेतला. 1886 च्या वऱ्हाड वन कायद्याने उरलेल्या गवतावरही सरकारी नियंत्रण आले. लक्ष्मण सत्या यांनी 2004 च्या आपल्या ग्रंथात मध्य भारतातील पशुधनाच्या ऱ्हासाचा संबंध याच घटनांशी जोडला आहे. 1899–1900 च्या दुष्काळात गुरांची जी हानी झाली तिचे कारण केवळ अवर्षण नव्हते. गुरांना हटून जाण्यासाठी पूर्वीची कुरणेच उरली नव्हती. याउलट शेतातील उंदरांना नांगर न लागणारे धुरे आणि सलग पिके असा दुहेरी आश्रय मिळाला. एकाच बदलाने गुरांचा आहार आकुंचित झाला आणि उंदरांचा विस्तारला.

अन्य देशांतील अनुभवही येथे उद्बोधक ठरतो. उत्तर अमेरिकेत ‘प्रेअरी डॉग’ ही बिळांत राहणारी खार गुरांची प्रतिस्पर्धी समजून विषप्रयोगाने मारली गेली. पुढे संशोधनान्ती असे दिसले की, तिच्या वसाहतींतील गवत आखूड असले तरी अधिक पोषक असते व गवे तेथे आवर्जून चरतात. तिबेटच्या पठारावरील ‘पायका’ या बिळवासी प्राण्याविषयी स्मिथ व फॉगिन यांनी 1999 साली असेच प्रतिपादन केले. बिळांची गर्दी हे कुरण बिघडल्याचे कारण नसून पुष्कळदा लक्षण असते.

वऱ्हाडात हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. गावचराईची जमीन येथे आजही ‘ई-वर्ग’ या सरकारी नावाने ओळखली जाते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात कुरणांचाही एक वर्ग आहे. त्याच वर्षी, पूर्वी अकोल्यात व 1998 पासून वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा भागात, काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य घोषित झाले. एकाच जातीच्या भूमीला शासन एकीकडे पडीक म्हणते आणि दुसरीकडे संरक्षण देते. ज्या माळाला पडीक म्हटले त्यावर वृक्षलागवडीचे खड्डे खणणे हे सत्कृत्य ठरते. त्यालाच कुरण म्हटले तर तेच खड्डे हानिकारक दिसू लागतात. नावाच्या निवडीवर भूमीचे भवितव्य असे अवलंबून असल्यामुळे आखर, गायकी आणि रमणा हे शब्द इतिहासकाराने दप्तराइतक्याच आस्थेने तपासले पाहिजेत.