स्टॉक छायाचित्रण

स्टॉक छायाचित्रण म्हणजे विशिष्ट ग्राहकाची मागणी नसताना छायाचित्रे काढून ठेवणे आणि पुढे त्यांच्या वापराचे परवाने विकणे, हा व्यवसाय होय. जाहिरात संस्था, प्रकाशक आणि संकेतस्थळे हे त्याचे मुख्य ग्राहक आहेत. ग्राहक छायाचित्र नव्हे, तर ते वापरण्याचा हक्क विकत घेतो. त्यामुळे एकच छायाचित्र अनेकदा विकले जाऊ शकते.

इतिहास

या व्यवसायातील जुन्या संग्रहांपैकी बेटमन अर्काइव्हची स्थापना ऑटो बेटमन यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये केली. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हा व्यवसाय प्रामुख्याने निवडक व्यावसायिक छायाचित्रकारांपुरता मर्यादित होता. २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोने हौशी छायाचित्रकारांनाही दार उघडले. २००३ मध्ये आलेल्या शटरस्टॉकने वर्गणी पद्धत रूढ केली.

दर किती वेगाने कोसळले, याचे बोलके उदाहरण जेफ हाउ यांनी 'वायर्ड' मासिकाच्या जून २००६ च्या अंकात दिले. अमेरिकेतील एका संग्रहालयाला एका व्यावसायिक छायाचित्रकाराने सवलतीत प्रत्येकी १०० ते १५० डॉलर दराने चार छायाचित्रे देऊ केली होती. संग्रहालयाने तो व्यवहार सोडला आणि आयस्टॉकफोटोवरून ५६ छायाचित्रांचे परवाने प्रत्येकी सुमारे एका डॉलरला घेतले. त्याच वर्षी गेटी इमेजेसने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना विकत घेतले.

परवाने

हक्क-नियंत्रित परवान्यात वापराचा हेतू, प्रदेश, मुदत आणि आकार यांनुसार किंमत ठरते. रॉयल्टी-मुक्त परवान्यात एकदाच रक्कम भरून छायाचित्र पुन्हापुन्हा वापरता येते. हे छायाचित्र फुकट असते, हा समज चुकीचा आहे. छायाचित्रात ओळखू येणारी व्यक्ती असल्यास जाहिरातीसाठी तिची लेखी संमती लागते. ती नसल्यास छायाचित्र केवळ संपादकीय वापरासाठी, म्हणजे बातमी वा लेखासोबत छापण्यासाठी, विकले जाते.

मोबदला आणि स्पर्धा

शटरस्टॉकने जून २०२० पासून छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के असा विक्रीच्या संख्येनुसार ठरवला. दर १ जानेवारीला ही गणना शून्यापासून सुरू होत असल्याने वर्षभर भरपूर विक्री झालेला छायाचित्रकारही पुन्हा तळाच्या पायरीवर येतो. एका विक्रीमागे किमान १० सेंट इतकाच मोबदला मिळू शकत असल्याने अनेकांनी निषेध म्हणून आपली छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली.

सूर्यास्त किंवा गुलाब यांसारख्या विषयांत नव्या छायाचित्राला वाव फारच थोडा उरतो. त्या मानाने कोकणातील भातलावणी किंवा वारीतील रिंगण अशा स्थानिक विषयांत स्पर्धा कमी असते. मात्र ग्राहक शब्दांनी शोध घेत असल्याने स्थळ, ऋतू आणि कृती यांची अचूक नोंद नसेल, तर चांगले छायाचित्रही सापडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेल्या प्रतिमांमुळे २०२२ पासून स्पर्धेचे स्वरूप बदलले. गेटी इमेजेसने अशा प्रतिमा नाकारल्या, तर अडोबी स्टॉकने त्या अटींसह स्वीकारल्या.

भारतातील कायदा

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराचा असतो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक मात्र, वेगळा करार नसल्यास, काम देणारा ठरतो (कलम १७). त्यामुळे विवाहसमारंभात पैसे घेऊन काढलेली छायाचित्रे छायाचित्रकाराला करारावाचून परस्पर विकता येत नाहीत.