तुरा बरोबर, अंडी रिकामी

मागच्या दोन एपिसोडमध्ये मध्येच एक कोंबडा आरवतो, तो कुठून आला, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तो माझाच आहे. मोशीत आमच्या गच्चीवर खुराड्यात राहतो, वजन जेमतेम सहाशे ग्रॅम, आणि आज विषय त्याचाच आहे.

याची जात सेब्राइट बॅन्टम. बॅन्टम म्हणजे बुटकी कोंबडी. जावा बेटाच्या पश्चिमेला बांतेन नावाचं बंदर आहे, तिथून युरोपियन खलाशी छोट्या कोंबड्या घेऊन गेले आणि बंदराचं नावच सगळ्या छोट्या कोंबड्यांना चिकटलं. माझी जोडी सोनेरी आहे. प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार, पेनाने आखल्यासारखी. किती पैसे दिले ते घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही.

कोंबडीने अंडी दिली. शेलपिंपळगावला आत्याकडे एक खुडूक कोंबडी बसलेली होती, तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं, तर सगळी स्वच्छ. लाल शिरांचं जाळं दिसायला हवं, ते एकातही नाही. पुढच्या वेळी आठ ठेवली, तेव्हाही तेच. आत्या म्हणाली, "अरे, तुझा कोंबडा नुसता शोभेचा आहे."

मला आधी राग आला. मग शोधायला बसलो, आणि लक्षात आलं की आत्या जवळपास बरोबर होती.

सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट हा इंग्लंडमधला जमीनदार. 1807 पासून 1834 पर्यंत हर्टफर्डशरचा खासदार. याला छंद एकच, प्राणी घडवायचा. 1809 मध्ये पाळीव जनावरांच्या जाती सुधारण्यावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, ते पुढे डार्विननेही वाचलं. डार्विनने 'ओरिजिन'मध्ये याचा एक दावा दिलाय: कबुतराचं हवं ते पीस मी तीन वर्षांत काढून दाखवीन, पण डोकं आणि चोच हवी तशी यायला सहा वर्षं लागतील. आपल्याकडे मॅनेजरला एस्टिमेट देतात ना, अगदी तसं! फरक एवढाच की हा माणूस दिलेलं काम पूर्ण करायचा.

बॅन्टमवर त्याने साधारण तीस वर्षं घालवली. आकार बुटका हवा, प्रत्येक पिसाला किनार हवी, आणि कोंबड्याची पिसं कोंबडीसारखी हवीत. शेवटची अट विचित्र आहे. एरवी कोंबड्याच्या शेपटीत लांब वाकडी पिसं असतात, मानेवर टोकदार पिसं असतात. सेब्राइट नराला दोन्ही नाहीत. लांबून बघितलं तर नर कोणता, मादी कोणती, पटकन कळत नाही. 1810 च्या सुमारास त्याने या एकाच जातीसाठी क्लब काढला. जगातल्या अशा सुरुवातीच्या क्लबांपैकी हा एक. 1846 मध्ये तो वारला, पण त्याची जात राहिली. 1865 मध्ये इंग्लंडमध्ये आणि 1874 मध्ये अमेरिकेत कोंबड्यांची स्टँडर्ड पुस्तकं छापली गेली. म्हणजे स्पेक डॉक्युमेंट. कोंबडा 22 औंस, कोंबडी 20 औंस, पाय निळसर करडे, आणि तुरा रोझ-कॉम्ब: डोक्याला बसलेला, वर बारीक दाणे, मागे टोक.

आता या तुऱ्याकडे या. खरी गोम इथे आहे.

मेंडेलचे नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे बेटसनने 1902 मध्ये दाखवलं, आणि त्यासाठी त्याने कोंबड्यांचे तुरेच वापरले. रोझ तुरा साध्या उभ्या तुऱ्यावर भारी पडतो. आई-बापापैकी एकाकडून जरी रोझचं जनुक आलं तरी तुरा रोझच दिसतो. पण पाळणाऱ्यांना एक कोडं सुटत नव्हतं. वायनडॉटसारख्या रोझ तुऱ्याच्या जातींत साध्या तुऱ्याची पिल्लं दर पिढीला काढून टाकली, शंभर वर्षं काढली, तरी ती येतच राहिली. असं का?

उत्तर 2012 मध्ये नीट मिळालं. रोझ तुरा होतो कारण गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. त्या उलटण्यात एका टोकाला दुसरं एक जनुक तुटतं, आणि दोन्ही बाजूंनी रोझ आलेल्या नराचे शुक्राणू नीट पोहत नाहीत. एकाच बाजूने रोझ आलेला नर मात्र ठीक असतो. म्हणजे डोळ्याला 'शुद्ध' आणि 'भेसळ' सारखेच दिसतात, पण पिल्लं भेसळवाल्याची जास्त होतात, आणि त्याच्यातून साधा तुरा परत परत वर येतो. स्पेक लिहिणाऱ्यांनी तुरा मागितला. त्याच ओळीत त्यांनी कमजोर बी मागितलं होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

माझ्या कोंबड्याच्या बाबतीत एवढंच कारण आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. घरातल्या घरात लावलेली जोडीही असू शकते. सेब्राइटने स्वतः लिहिलंय की जवळच्या नात्यात जोड्या लावत गेलो तर माझे धट्टेकट्टे स्पॅनियल कुत्रे मांडीवर बसण्याएवढे किरटे झाले. माहीत असून बॅन्टमच्या वेळी तो थांबला नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो आणि चीडही येते.

मग आत्याच्या सल्ल्याने सेब्राइट कोंबडीसोबत तिचा गावरान कोंबडा सोडला. लहान चणीचा, साधा तुरा, पाय पिवळेधमक. या पिवळ्या पायांचीही एक गोष्ट आहे. डार्विनकडे भारतातून कोंबड्या पाठवणाऱ्यांत वॉल्टर एलियट होता, ज्याने आधी धारवाड भागात नोकरी केली आणि 1839 मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. सगळ्या पाळीव कोंबड्या एकाच लाल रानकोंबड्यापासून आल्या, असं डार्विनने ठरवलं. 2008 मध्ये कळलं की पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याचं आहे. तोच, जो भीमाशंकरच्या जंगलात पानं उकरत फिरतो. चाकणपासून तासा-दोन तासांवर.

दहा अंडी ठेवली. सातव्या दिवशी टॉर्च लावला, तर सात अंड्यांत लाल जाळं! मी ओरडलो तशी आत्या म्हणाली, "हळू, कोंबडी उठेल." एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. पिवळे पाय एकाचेही नाहीत, ते जनुक या पिढीत मागे दबतं. तुरे सगळ्यांचे पसरट, म्हणजे रोझ. किनार मात्र बिघडली.

आता यांच्यातला नर परत सेब्राइट कोंबडीला लावायचा. त्यातून येणाऱ्या पिल्लांत निम्म्यांना रोझ दोन्ही बाजूंनी असेल, निम्म्यांना एकाच. बघून कळणार नाही. प्रत्येक नर आधी आत्याच्या साध्या तुऱ्याच्या कोंबडीला लावायचा आणि साध्या तुऱ्याची पिल्लं येतात का ते मोजायचं. आली तर तो नर ठेवायचा.

आत्याने विचारलं, किनार परत यायला किती दिवस. मी म्हटलं, पीस आहे, तीन वर्षं धर. ती म्हणाली, "तोवर त्या शोभेच्या कोंबड्याला दाणा कोण घालणार?" सध्या मीच घालतोय. आताही आरवला बघा.