मणक्याचा क्षयरोग आणि शस्त्रक्रियेविना उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाठीच्या वरच्या भागात, खांद्याच्या फऱ्यांमध्ये महिनोन्महिने ठसठसणारी वेदना बहुतांशी स्नायूंची असते व ती व्यायामाने आणि बसण्याच्या सवयी बदलल्याने आटोक्यात येते. तथापि या वेदनेमागे क्वचित मणक्याचा क्षयरोगही असतो. छातीच्या भागातील मणके त्याला वारंवार बळी पडतात. मणका पोखरला जाऊन ढासळतो, पाठीला कुबड येते आणि मज्जारज्जूवर दाब आल्यास पाय लुळे पडतात. या रोगात शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा वाद दीर्घकाळ चालला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे. रुग्णाने किती काळ निजून राहावे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, या अर्थाने हा विषय वैद्यकाइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे.

विश्रांतीचे युग

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांतील संबंध स्पष्ट केला. तेव्हापासून हा रोग त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुबड दाबून सरळ करणारी तत्कालीन यंत्रे त्यांना निरुपयोगी वाटत. त्यांचा स्वतःचा उपाय मात्र असा होता, की कुबडाच्या दोन्ही बाजूंना दाहक द्रव्याने जखमा करून त्या वाहत्या ठेवायच्या. यंत्रे नाकारणाऱ्या पॉट यांच्या हाती दुसरे काही नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी दाखविला तो १८८२ मध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी अखंड व दीर्घ विश्रांतीचा पुरस्कार केला. पुढे १९०३ मध्ये ऑगस्ट रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधील लेझां येथे सूर्यप्रकाश-चिकित्सेचे आरोग्यधाम उघडले. तेथे व तशाच इतर संस्थांत रुग्ण, विशेषतः मुले, महिनेच नव्हे तर वर्षेही खाटेवर काढीत. चौकटीला वा प्लास्टरच्या साच्याला जखडलेले ते बालपण उपचार या नावाखाली येत असल्याने त्याबद्दल फारसे प्रश्न विचारले गेले नाहीत.

ज्यांना आरोग्यधाम परवडत नव्हते त्यांचे काय होई, याचे एक उदाहरण सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना नावाने तरी परिचित आहे. सार्डिनियात १८९१ मध्ये जन्मलेल्या अंतोनिओ ग्रामची यांच्या पाठीला बालपणीच कुबड आले. ते सरळ व्हावे म्हणून त्यांना छताच्या तुळईला टांगून ठेवीत, असे त्यांच्या चरित्रात नोंदविले आहे. फॅसिस्ट राजवटीने १९२६ मध्ये त्यांना अटक केली. तुरुंगातील वह्यांचे लेखन १९२९ मध्ये सुरू झाले, आणि पॉटच्या रोगाचे निदान झाले ते १९३३ मध्ये, वैद्यकीय तपासणीअंती. म्हणजे या वह्यांचा मोठा भाग ज्या देहाने लिहिला, त्याच्या व्याधीला तोवर नावदेखील मिळालेले नव्हते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा क्षयावर गुणकारी औषध अस्तित्वात नव्हते.

औषध, चाकू आणि पुरावा

मणके एकमेकांस सांधण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कमधील हिब्ज आणि अल्बी यांनी १९११ मध्येच, परस्परांपासून स्वतंत्रपणे, प्रसिद्ध केली होती. परंतु चित्र पालटले ते स्ट्रेप्टोमायसिन (१९४३) व आयसोनियाझिड (१९५२) यांच्या आगमनाने. औषधांच्या संरक्षणामुळे चाकूही धीट झाला. हाँगकाँगमध्ये हॉजसन व स्टॉक यांनी १९५६ मध्ये मणक्याच्या पुढील बाजूने शिरून रोगग्रस्त हाड काढण्याची आणि तेथे हाडाचे कलम बसविण्याची पद्धत मांडली. औषध पुरेसे की शस्त्रक्रियाही हवी, हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने उभा राहिला.

त्याचे उत्तर समृद्ध आरोग्यधामांतून आले नाही. फुफ्फुसाच्या क्षयासाठी आरोग्यधामात राहणे अनिवार्य नाही, घरी औषध घेणारेही तितकेच बरे होतात, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले होते. मणक्याच्या बाबतीत ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६० च्या दशकात कोरियात चाचण्या सुरू केल्या. मासान येथे एका गटाला सहा महिने रुग्णालयात खाटेवर ठेवले, तर दुसऱ्याला आरंभापासूनच हिंडते-फिरते ठेवून बाह्यरुग्ण म्हणून उपचार दिले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, इतरांना नाही. औषधे मात्र सर्वांना अठरा महिने मिळाली. १९७३ पासून प्रसिद्ध झालेल्या अहवालांनुसार खाटेवरील विश्रांतीने वा जाकिटाने कोणताही अधिक लाभ झाला नाही. थॉमस यांच्यापासून चालत आलेला एक सिद्धान्त असा निकालात निघाला. जेथे खाटाच अपुऱ्या होत्या, तेथेच खाटेची गरज तपासून पाहण्याची निकड भासली, हे योगायोगाचे म्हणता येणार नाही.

शस्त्रक्रियेचा पक्ष मात्र पूर्णतः हरला नाही. हाँगकाँगच्या चाचणीत हाड काढून कलम बसविलेल्या रुग्णांचे मणके लवकर सांधले गेले व कुबड वाढले नाही. परंतु त्यासाठी लागणारे कुशल शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि शुश्रूषा सर्वत्र उपलब्ध नव्हती. वाराणसीचे एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मध्यम मार्ग’ या वास्तवातून घडला : प्रथम औषधे, कठीण अंथरुणावर विश्रांती व हळूहळू हालचाल; आणि औषधांनी गुण न येणाऱ्या किंवा लुळेपणा न ओसरणाऱ्या रुग्णांपुरती शस्त्रक्रिया. तुली यांनी विश्रांती सर्वस्वी सोडली नाही, ही गोष्ट कोरियातील निष्कर्षांशी विसंगत आहे. तरीही शस्त्रक्रियेची गरज रुग्णागणिक ठरविण्याची त्यांची पद्धत भारतीय परिस्थितीत अधिक व्यवहार्य ठरली, असे म्हणावे लागते.

मुलांच्या बाबतीत हा हिशेब निराळा आहे. रोग बरा झाल्यावरही काही मुलांचे कुबड वाढ पूर्ण होईपर्यंत वाढतच राहते, हे कोइम्बतूरचे एस. राजशेखरन यांनी पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००१ मध्ये दाखविले. अशी मुले वेळीच ओळखता यावीत व शस्त्रक्रिया त्यांच्यापुरती राखून ठेवता यावी, यासाठी त्यांनी क्ष-किरण चित्रातील चार खुणा निश्चित केल्या.