मतदान आणि मतनिर्णय (महाराष्ट्र)

नागरिक मतदानाला जातो की नाही आणि गेल्यास मत कोणाला देतो, याला राज्यशास्त्रात ‘मतदानवर्तन’ म्हणतात. महाराष्ट्र विधानसभेसाठी १९९५ साली सुमारे ७२ टक्के, २०१९ मध्ये सुमारे ६१ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ६६ टक्के मतदान झाले. मात्र २०२४ मध्येच कोल्हापूर जिल्ह्यातील करवीरमध्ये ८४ टक्क्यांहून अधिक, तर मुंबईतील कुलाब्यात ४५ टक्क्यांहून कमी मतदार केंद्रावर पोहोचले.

या तफावतीचे खापर शहरी मतदाराच्या बेफिकिरीवर फोडले जाते. हे अपुरे आणि पुष्कळदा अन्यायाचे आहे. माणूस राहतो तिथल्या यादीत त्याचे नाव असणे ही मतदानाची पहिली अट. भाड्याचे घर बदलले, इमारत पुनर्विकासाला गेली, की माणूस हलतो आणि नाव जुन्या पत्त्यावरच राहते. बीडच्या ऊसतोड कामगारांची अडचण याहून बिकट. दिवाळीनंतर त्यांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला, गाळप हंगामाच्या तोंडावर झाले. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या जोडप्याला कोयता खाली ठेवून गावी परतणे परवडत नाही. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आणि निवडणूक कर्मचाऱ्यांना आहे, या मजुरांना नाही.

गावात मतदान वाढते ते पाठपुराव्यामुळेही. केंद्रावरचा अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात. दुपारनंतर खूण नसलेल्या घरी कार्यकर्ता हजर होतो. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसूनही चुरस असते, कारण तिथे दोन-चार मतांनी निकाल फिरतो.

मत कोणाला, हे ठरताना जात, भावकी आणि पक्षनिष्ठेचे वजन मोठे असले तरी शेतमालाचा भाव त्यांच्यावर मात करू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी होऊन भाव पडले. पुढच्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरी या कांदापट्ट्यातील मतदारसंघात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. चिन्हांतील साम्यानेही मते भरकटू शकतात. दिंडोरीत विजयी झालेल्या भास्कर भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. त्याच आडनावाच्या, ‘तुतारी’ चिन्ह मिळालेल्या अपक्षाला १ लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात तर भगरे यांच्याच पक्षाचे शशिकांत शिंदे सुमारे ३२ हजारांनी हरले आणि ‘तुतारी’वाल्या अपक्षाने सुमारे ३७ हजार मते घेतली.