बोलण्याचा उपचार

कामगार संघटनेची पावतीपुस्तके सांभाळणाऱ्या माणसाने मनोविश्लेषणाचा इतिहास सांगावा, याचे काहींस नवल वाटेल. पण आमची हयात गाऱ्हाणी ऐकण्यात गेली, आणि हे शास्त्रही ऐकण्यातूनच निघाले.

व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर ब्रॉयर हे बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करीत होते. वडिलांची शुश्रूषा करता करता ती आजारी पडली. मातृभाषा जर्मन, पण आजारात ती जिभेवर येईना, इंग्रजी तेवढी येई. मनातले बोलून टाकले की तिला हलके वाटे. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले, तेही इंग्रजीत. त्याने ती पुरती बरी झाली नाही. परंतु पुढे १९०४ साली तिनेच जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली.

१९०० साली फ्रॉइडकडे आलेली ‘डोरा’ सुमारे अकरा आठवड्यांत उपचार सोडून गेली. १९०५ साली छापलेल्या वृत्तांतात फ्रॉइडने चूक कबूल केली. दुसऱ्याविषयीच्या जुन्या भावना ती आपल्यावर आरोपित होती, हे त्याच्या वेळीच ध्यानी आले नव्हते. यालाच भावसंक्रमण म्हणतात.

आपल्या देशात कलकत्त्यास १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषण संस्था स्थापिली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. भेट कधी झाली नाही. स्वप्नांवरचा ग्रंथ मात्र त्यांनी बंगालीत लिहिला. घरचे दुःख घरच्या भाषेत मांडावे, हे त्यांनी ओळखले असावे.

मराठीत तर भावसंक्रमण सर्वनामातच सापडते. इंग्रजीत सर्वांस एकच शब्द. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांची उतरंड. आमच्याच वयाचा एक कामगार वर्षानुवर्षे आम्हांस ‘आपण’ म्हणे. त्याचा दावा फेटाळला गेला त्या दिवशी गावच्या बोलीत तो ओरडला, “तू काय केलंस माझ्यासाठी?” आम्ही गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बापाला हे कधी विचारता आलं नाही.”

तो राग आमचा नव्हता, हे आम्हांस लगेच कळले. आधीचा आदरही सगळा आमचा नव्हता, हे कळण्यास पुढाऱ्याला अधिक वेळ लागतो.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किती बोलींचे रुग्ण येतात, हे आपण पाहताच. त्यांतल्या कोणाचे मन दुखत असेल, तर औषधाआधी एक प्रश्न विचारावा: बाबा, तुझी आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलत असे?