ओव्हिलेचा मठ आणि नारायणगावचा द्राक्षमळा

दारूपायी संसार मोडताना आपल्या धर्मग्रामांनी पाहिले आहेत. मग द्राक्षारसाचा इतिहास कशाला सांगावा, असे कोणी विचारील. परंतु काना गावच्या लग्नापासून शेवटच्या भोजनापर्यंत तो आपल्या श्रद्धेशी निगडित आहे. पवित्र मिस्सेसाठी द्राक्षारस द्राक्षांचाच व शुद्ध असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. म्हणूनच युरोपातील अनेक मठांनी स्वतःचे द्राक्षमळे जोपासले.

फ्रान्सच्या शांपेन प्रांतातील ओव्हिले येथे बेनेडिक्टाइन संघाचा मठ होता. 1668 साली दोम पेरिन्यों तेथे कोठाराचे प्रमुख झाले व 1715 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्यांनी ती सेवा केली. फेसाळ शांपेन त्यांनीच शोधली, ही केवळ आख्यायिका होय. त्या काळी फेस हा दोष मानला जाई, कारण त्याने बाटल्या फुटत. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ साधणे, हे त्यांचे खरे कौशल्य. 1789 च्या राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता गेली, विद्या मात्र टिकली.

तीच विद्या पुढे आमच्या जिल्ह्याच्या शिवेपर्यंत आली. संगमनेरहून पुण्याकडे जाताना आळेफाट्यापुढे नारायणगाव लागते. तेथे 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या 1785 पासूनच्या फ्रेंच पेढीच्या तांत्रिक साह्याने फेसाळ वाइन सिद्ध केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली. रीत शांपेनचीच. वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, बाटली कलती ठेवून थोडी थोडी फिरवायची, गाळ मानेशी आणायचा आणि गोठवून काढून टाकायचा. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात विसावते. आपल्या उष्ण हवेत तिला एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात गोडी छाटणी लागते. अशा रीतीने फ्रेंच विद्येला मराठी शेतकऱ्याच्या कात्रीची जोड मिळाली.

पुढे ‘शातो इंडाज’ या नावाने हा उद्योग परदेशातही विस्तारला. 2008 च्या जागतिक मंदीनंतर मात्र तो कर्जाखाली दबला आणि अखेर बंद पडला. तोवर, 2001 च्या राज्य धोरणाच्या आधाराने, नाशिक परिसरात नव्या वायनरी उभ्या राहिल्या होत्या.

दोम पेरिन्यों 47 वर्षे एकाच कोठारात राबले. वेलीला घाई सोसत नाही, तसाच तिच्या रसाला अतिरेकही सोसत नाही. वेदीवरील चषकात थोडासाच द्राक्षारस असतो. त्यामागील श्रम मात्र आपण विसरू नयेत.