बोट सुजले म्हणजे संधिवातच का?

नांगराचं रुमणं धरून तळहाताला घट्टे पडतात, हे आपणांस कुणी सांगायला नको. घट्टा म्हणजे रोग नव्हे, हेही आपण जाणतो. पण तीच कातडी बोटांच्या सांध्यांवर जाड झाली, की आपण घाबरतो आणि म्हणतो, ‘संधिवात जडला!’ डॉक्टरांचीही येथे फसगत होत आली आहे. हे कोडं कसं उलगडलं, त्याची ही हकिकत.

इंग्लंडात आल्फ्रेड गॅरॉड नावाचे नामांकित डॉक्टर होऊन गेले. सांधे झिजवणाऱ्या एका चिवट संधिवाताला त्यांनी १८५९ साली ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिलं. बापानं संधिवाताला नाव दिलं. मुलानं काय केलं? संधिवात कशाला म्हणू नये, ते दाखवलं! मुलगा आर्चिबाल्ड यानं १८९३ साली बोटांच्या सांध्यांवर, पाठीकडच्या बाजूला येणाऱ्या निरुपद्रवी गाठींचं वर्णन छापलं. क्ष-किरण सापडले १८९५ साली. म्हणजे तेव्हा सारी भिस्त नजरेवर आणि स्पर्शावर!

पुढे १९७३ साली फ्रान्समधील बाझेक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याच एका भाऊबंदाची नोंद केली. १९७५ साली व्हर्बोव्ह या इंग्रज डॉक्टरांनी त्याला नाव दिलं ‘पॅकिडर्मोडॅक्टिली’. नाव अवघड, अर्थ सोपा: जाड कातडीचं बोट. हा विकार विरळा. तो बहुधा मिसरूड फुटण्याच्या वयातील मुलांत दिसतो. मधल्या सांध्याच्या दोन्ही अंगांना फुगवटा येतो. पण सहसा दुखत नाही, आणि बोट नीट मिटतं, उघडतं. क्ष-किरणांच्या चित्रात हाड व सांधा शाबूत दिसतो. पुष्कळ मुलांना बोटांत बोटं गुंफून चोळण्याची सवय आढळते. ती सुटली, की काहींचा फुगवटा ओसरतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण निदान चुकलं, तर कोवळ्या मुलाच्या पोटात संधिवाताची जालीम औषधं विनाकारण जातात.

शिक्षकमित्रहो, वर्गात असा मुलगा दिसला, तर त्याला हिणवू नका. त्याचे हात कशात गुंततात, ते पाहा. मात्र सांधा दुखत असेल, गरम लागत असेल, सकाळी बोटं आखडत असतील, तर घरगुती लेपावर विसंबू नका, डॉक्टरांकडे चला. सूज कातडीची की सांध्याची, हे आधी ठरू द्या. औषध त्यानंतर.